गायनवर्गात ध्वनिमुद्रण: वडगावच्या सहा महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

बेळगावच्या वडगाव भागात मी सायंकाळी गायन आणि हार्मोनियमचा एक छोटा वर्ग चालवतो. विद्यार्थी २३, वय ९ पासून ५८ पर्यंत. त्यांत मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या शाळांत जाणारी मुले आहेत. खोली बारा फूट बाय चौदा फूट असून तिच्या दोन बाजूंना यंत्रमाग आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा तरी स्वतःचे गाणे बाहेरून ऐकता यावे आणि घरी रियाजासाठी खरा तानपुरा व खरा ठेका नेता यावा, एवढाच माझा हेतू होता. अंदाजपत्रक ३०,००० रुपयांचे होते. ते पाळले गेले नाही. असाच उद्योग करू पाहणाऱ्या संगीतशिक्षकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी चुकांसकट ठेवल्या आहेत.

७ जून २०२५

वापरलेला लॅपटॉप १३,५०० रुपयांना घेतला. आठ जीबी मेमरी, विंडोज १०, आणि चाळीस मिनिटे टिकणारी बॅटरी. विक्रेत्याने बॅटरीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मी त्यावर पाचशे रुपये कमी करून घेतले. ही बॅटरीच पुढे सर्वांत मोलाची ठरेल हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. डेस्कटॉप त्याहून स्वस्त मिळत होता, पण आमच्या गल्लीत वीज जाण्याचे प्रमाण पाहता तो घेतला नाही.

१५ जून

सॉफ्टवेअर निवडण्यात पूर्ण आठवडा गेला, त्यातील निम्मा वेळ वाया. गॅरेजबँड केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते, म्हणून ते पहिल्याच दिवशी बाद झाले. बँडलॅब विनामूल्य आहे आणि ब्राउझरमध्ये चालते, पण त्याला सतत इंटरनेट लागते, आणि पावसाळ्यात आमच्या खोलीत मोबाइलचे नेटवर्क खिडकीत उभे राहिल्याशिवाय येत नाही. शिवाय लहान मुलांच्या नावे खाती उघडणे मला पसंत नव्हते. एलएमएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे असे वाचून मी ते उतरवले, एक संपूर्ण संध्याकाळ त्याची बटणे शिकण्यात घालवली, आणि शेवटी लक्षात आले की त्याच्या प्रचलित आवृत्तीत माईकवरून आवाज मुद्रित करण्याची सोयच नाही. ते संगणकातच वाद्ये रचून संगीत तयार करणाऱ्यांसाठी आहे. आधी हा एकच प्रश्न विचारला असता तर संध्याकाळ वाचली असती.

उरली दोन. ऑडॅसिटी पूर्णतः विनामूल्य आहे, एका गायकाचे मुद्रण करून ऐकायला पुरेसे आहे आणि विद्यार्थी ते घरच्या संगणकावर निःशंक टाकू शकतात. रीपर साठ दिवस कोणत्याही कपातीविना वापरून पाहता येते, त्यानंतर वैयक्तिक वा शैक्षणिक वापरासाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. जुन्या लॅपटॉपवर ते विनातक्रार चालले. वर्गासाठी रीपर आणि घरासाठी ऑडॅसिटी असे ठरवले. परवान्याचे पैसे साठ दिवस संपल्यावर भरले. बँकेचे परकीय चलनाचे शुल्क धरून ५,३४० रुपये झाले.

२२ जून

पहिले ध्वनिमुद्रण, आणि पहिले अपयश. २,४०० रुपयांचा यूएसबी कंडेन्सर माईक आणला होता. तो इतका संवेदनशील निघाला की गाणाऱ्या मुलीपेक्षा शेजारचा माग अधिक स्पष्ट ऐकू येत होता. धोट्याची प्रत्येक खटक वेगळी मोजता आली असती. संवेदनशील म्हणजे चांगला, ही माझी समजूत शांत स्टुडिओच्या जाहिराती पाहून झालेली होती.

ऐकताना एक गोष्ट मात्र प्रथमच लक्षात आली. आमच्या वर्गातील लहान मुले मध्यलयीची बंदिश ज्या गतीने धरतात, ती गती मागाच्या खटखटीला धरून असते. दोन माग वेगवेगळ्या गतीने चालू असले की मुले गोंधळतात, आणि इतकी वर्षे मी त्यांना लय कच्ची म्हणून रागावत आलो.

२९ जून

ऑडॅसिटीतील आवाज-निवारणाची सोय वापरून माग पुसण्याचा प्रयत्न केला. पद्धत अशी की नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा निवडून त्याचा नमुना सॉफ्टवेअरला द्यायचा आणि मग तो संपूर्ण मुद्रणातून वजा करायला सांगायचे. पंख्याची घरघर याने छान गेली, कारण ती एकसारखी असते. मागाची खटक दर क्षणी उठते आणि विरते. तिचा नमुना असा हाती लागत नाही. मी निवारणाची मात्रा वाढवत गेलो तशी खटक थोडी मऊ झाली, पण गाणारी मुलगी पाण्याखालून गाते आहे असे वाटू लागले आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, तर पूर्ण गेली. तीन संध्याकाळी यात घालवल्या. मुद्रणात शिरलेला गोंगाट नंतर काढण्यापेक्षा तो शिरूच न देणे, याला पर्याय नाही.

६ जुलै

मग तो शिरू नये म्हणून १,८०० रुपयांचा खाचदार फोम भिंतींना चिकटवला, आणि माग तितकाच ऐकू येत राहिला. फोम खोलीतल्या आवाजाचे भिंतींवरून परतणे कमी करतो; बाहेरून येणारा आवाज अडवायला वजनदार आणि फट नसलेली भिंत लागते. आमच्या दाराखाली बोटभर फट आहे. ती जुन्या सायकल-ट्यूबच्या पट्टीने बुजवली, तिचा खर्च शून्य आणि गुण फोमपेक्षा जास्त. खोलीतला घुमारा घालवण्यासाठी नंतर घरच्या दोन जाड वाकळा गाणाऱ्याच्या मागे दोरीवर टाकल्या. त्यांनी फोमपेक्षा चांगले काम केले, आणि फोम आता तबल्याच्या पेटीत अस्तर म्हणून आहे.

कंडेन्सर माईक बाजूला ठेवून २,९०० रुपयांचा डायनॅमिक माईक, ६,२०० रुपयांचा दोन मार्गांचा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारी डबी), ८५० रुपयांचा स्टँड आणि ३५० रुपयांची केबल घेतली. डायनॅमिक माईक तोंडापासून चार बोटांवर ठेवला की गळा मोठा आणि माग लहान होतो. इंटरफेसवरील पातळी अशी लावायची की तार षड्जालाही मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये मुद्रण करत असल्यामुळे पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही, वर गेली तर मात्र आवाज फाटतो आणि त्याला उपाय नाही.

१२ जुलै

आज सायंकाळी सव्वासहाला वीज गेली आणि प्रकल्पाला वाट सापडली. दोन्ही बाजूंचे माग एकदम थांबले. खोलीत मेणबत्ती, बाहेर पाऊस, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू. इंटरफेसला वीज लॅपटॉपच्याच यूएसबी केबलमधून मिळते, त्यामुळे तोही चालू होता. सहज म्हणून एका विद्यार्थिनीला भूपाची बंदिश गायला सांगितली आणि मुद्रण केले. माग चालू असताना रिकाम्या खोलीची पातळी उणे ३८ डेसिबलच्या आसपास दिसे. आज ती उणे ६० च्याही खाली गेली. पस्तीस मिनिटांत सात जणांचे मुद्रण झाले आणि मग बॅटरी संपली.

एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याचे गाणे ऐकवले, तेव्हा त्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्यो मी न्हवं." दुसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र त्याने स्वतःहून सांगितले की अंतऱ्याला श्वास कमी पडतो आहे. ही गोष्ट मी त्याला मार्चपासून सांगत होतो.

तेव्हापासून वर्तमानपत्रात येणाऱ्या पूर्वनियोजित वीजकपातीच्या सूचना कापून वर्गाच्या फलकावर लावतो, आणि मुद्रणाचे वेळापत्रक त्यांवरून ठरते. शेजारच्या मागवाल्या काकांशीही बोललो. रात्री साडेआठनंतर त्यांचे माग बंद असतात. मोठ्या विद्यार्थ्यांना ती वेळ दिली.

२० जुलै

रात्रीच्या मुद्रणात एक सलग गुणगुण येऊ लागली, साधारण ५० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या पुरवठ्याचीच. तानपुऱ्याच्या खर्जाखाली ती अशी लपते की हेडफोनशिवाय कळत नाही. केबल बदलली, इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावला, दोन तास गेले. शेवटी चार्जरची पिन काढली तेव्हा गुणगुण थांबली. खोलीतील सॉकेटला अर्थिंगच नव्हते. तीन पिनांपैकी जाड पिनेचे भोक केवळ शोभेचे होते. वायरमनकडून ते करून घेतले, खर्च घरमालकांनी दिला. इन्व्हर्टरवर मुद्रण करून पाहिले तर गुणगुणीऐवजी भुंगा ऐकू आला, कारण आमचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो. नियम असा ठरला की मुद्रण बॅटरीवरच करायचे.

२ ऑगस्ट

विद्यार्थ्याच्या कानात तानपुरा आणि ठेका देऊन त्याचा आवाज स्वतंत्र मुद्रित करायचा, ही पुढची पायरी. १,४०० रुपयांचे एक असे दोन बंद हेडफोन आणि १५० रुपयांची दुहेरी पिन आणली. सगळे विद्यार्थी ठेक्यामागे पडू लागले, अगदी विशारदची तयारी करणारेही. दोष त्यांचा नव्हता. गळ्यातून निघालेला आवाज संगणकात जाऊन, प्रक्रिया होऊन परत हेडफोनमध्ये येईपर्यंत विलंब होत होता. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ नमुन्यांचा होता. ४४,१०० च्या नमुनादराला नुसता तेवढाच २३ मिलिसेकंद होतो, आणि जाण्याचा व येण्याचा मिळून त्याच्या दुपटीहून अधिक. गाणारा स्वतःच्या उशिरा आलेल्या आवाजाची वाट पाहत हळू होत जातो. बफर २५६ वर आणला तर जुना लॅपटॉप मध्येच कडकड करू लागला. उत्तर इंटरफेसच्या तोंडावरच होते: डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबले की गायकाचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला जातो. ते दाबून रीपरमधील मॉनिटरिंग बंद ठेवायचे, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो.

ऑडॅसिटी वापरणाऱ्यांसाठी याच जातीची आणखी एक सूचना. त्यात आधीच्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक गाऊन पाहिला की तो मागेपुढे बसतो. तेथे विलंब भरून काढण्याचा आकडा मुळात उणे १३० मिलिसेकंद ठेवलेला असतो, तो प्रत्येक संगणकाला लागू पडत नाही. हेडफोन माईकसमोर धरून टाळीचा ट्रॅक पुन्हा मुद्रित करावा, दोन टाळ्यांतले अंतर मोजावे आणि आकडा बदलावा. दहा मिनिटांचे काम आहे.

१० ऑगस्ट

एका ज्येष्ठ गायिकेकडून मिरजेचा बायकी तानपुरा आठ दिवसांसाठी मागून आणला. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मला मात्र त्याची जवारी हातात घेतल्यावर जे पटले ते पुरेसे होते. नवीन तारांना ३८० रुपये लागले.

काळी चार, पांढरी पाच आणि काळी पाच अशा तीन पट्ट्यांत (हार्मोनियमच्या ज्या कळीला षड्ज धरायचा तिचे हे नाव) प्रत्येकी सहा मिनिटे छेडून मुद्रण केले. त्यातील एक तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा, म्हणजे लूप करायचा होता. पहिल्या प्रयत्नात जोडाच्या जागी दर वेळी टक् असा आवाज येई. लहर शून्यातून जात असेल तेथे कापल्यावर टक् गेला, पण जोड तरीही कळे, कारण तुकड्याच्या अखेरीस आधीच्या तारांची आस हवेत असते आणि आरंभी ती नसते. शेवटी तुकड्याची सुरुवात व शेवट दोन्ही खर्जाच्या छेडीवरच घेतले आणि अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक टोक विरत असतानाच दुसरे उमटू दिले. तुकडा दोन मिनिटांपेक्षा लहान ठेवला तर कान त्याची पुनरावृत्ती ओळखतो आणि गाणाऱ्याचे लक्ष तिकडे जाते.

पुरुषांसाठी मी आळस केला. काळी चारचा तानपुरा सॉफ्टवेअरनेच सात अर्धस्वर खाली उतरवून काळी एक तयार केली. हंड्यात तोंड घालून कोणी तानपुऱ्याची नक्कल करावी तसा तो लागतो. तीन आठवडे विद्यार्थ्यांनी तो सौजन्याने सहन केला.

१७ ऑगस्ट

मुद्रित तानपुरा मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी जुळत नाही अशी तक्रार आली. कारण आमची पेटी, म्हणजे हार्मोनियम, निघाली. तिच्या काळी चारचा स्वर ४१५.३ हर्ट्झ असायला हवा, तो ४२० भरला, म्हणजे जवळजवळ २० सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) चढा; आणि मी तानपुरा त्या पेटीला लावून मुद्रित केला होता. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला चार-पाच ठोके ऐकू येतात. पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी सर्व सूर खरवडून लावायला २,५०० रुपये आणि आठ दिवस सांगितले. वर्ग बंद ठेवायचा नव्हता आणि पैसेही संपत आले होते, म्हणून मी ते टाळले. हा निर्णय चुकला.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणेशोत्सव. गल्लीतील मंडळाचा ध्वनिक्षेपक आमच्या खिडकीपासून वीस पावलांवर होता. मुद्रण नाही.

१४ सप्टेंबर

ठेक्यासाठी आधी रीपरमधील मेट्रोनोम वापरला. तीनतालासाठी मापन १६/४ आणि एकतालासाठी १२/४ ठेवता येते, पण टिकटिक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) जोर देते आणि खालीला (टाळी न देण्याच्या मात्रेला) काहीच करत नाही. रूपकात तर ती पहिल्या मात्रेवर ठोका देते, जिथे खाली आहे. विद्यार्थी मात्रा मोजू लागले आणि ताल विसरले. मेट्रोनोम बंद करून आमच्या तबल्याच्या मामांना बोलावले आणि तीनताल, झपताल, रूपक व एकताल प्रत्येकी मुद्रित केले. एकच माईक, दोन्ही तबल्यांच्या मधोमध दीड फूट वर. एका गतीचे मुद्रण सॉफ्टवेअरने सूर न बदलता हळू करता येते, परंतु मूळ गतीच्या तीन चतुर्थांशाखाली गेल्यावर बायाचा (डाव्या तबल्याचा) घुमार लडबडतो. म्हणून प्रत्येक ताल तीन लयींत वाजवून घेतला.

त्यानंतर हौसेने मी आणि मामांनी एक बंदिश मिळून मुद्रित केली. पेटी एका ट्रॅकवर, तबला दुसऱ्यावर. प्रत्येक समेवर एम कळ दाबून खूण ठेवली आणि खुणांमधले अंतर पाहिले. पहिले आवर्तन १२ सेकंदांचे होते, तेरावे साडेनऊ सेकंदांचे. इतकी वर्षे मी मामांना लय वाढते म्हणून टोकत आलो आहे. दोन्ही ट्रॅक आळीपाळीने बंद करून ऐकले. प्रत्येक मुखड्याला पेटी समेच्या आधी पोहोचत होती आणि मामा मला सावरून घेण्यासाठी पुढे येत होते. मी त्यांना ते ऐकवले. ते म्हणाले, "मला ठाऊक हाय की. सांगणार कसं?"

२८ सप्टेंबर

या प्रकल्पातील सर्वांत मोठी चूक या महिन्यात केली, आणि ती दिसायला फार सुंदर होती. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेले टोनी नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. एकट्या गळ्याचे मुद्रण त्यात घातले की स्वरांची चढउताराची रेषा पडद्यावर उमटते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, डोळ्यांनी दिसते. विद्यार्थी इतके खूष झाले की त्यांनी ऐकणे जवळजवळ थांबवले आणि पाहणे सुरू केले.

एक मुलगी, जिचा सूर वर्गात सर्वांत स्वच्छ आहे, दोन आठवड्यांत बेसूर होऊ लागली. कारण शोधायला मला चार दिवस लागले. पडद्याच्या कडेला पियानोच्या पट्ट्या असतात, त्यांच्या आधाराने ती स्वर तपासत होती. तिचा षड्ज २१० हर्ट्झला होता, अगदी आमच्या तानपुऱ्याबरोबर. पण आमची पट्टीच वीस सेंट चढी असल्यामुळे तो पडद्यावरील स्वराच्या वर दिसे. तिचा गंधार २६२.५ हर्ट्झला लागत होता, म्हणजे षड्जाच्या सव्वापट, तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तोच. समान सप्तकातला, म्हणजे पियानोवरचा, गंधार याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, त्यामुळे पट्टीचा चढेपणा आणि गंधाराचा उतार एकमेकांना खाऊन तिचा गंधार पडद्यावर जवळजवळ बरोबर जागी दिसे. तिने निष्कर्ष काढला की गंधार ठीक आहे आणि षड्ज चढा आहे. ती षड्ज उतरवू लागली. जो एकच स्वर प्रश्नापलीकडे असायला हवा, तोच तिने यंत्राच्या सांगण्यावरून हलवला.

उपाय साधा केला. पडद्याच्या डाव्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून पियानो झाकला. आता रेषेचा आकार दिसतो, स्वराचे नाव दिसत नाही. मींड एका ओढीत गेली की पायऱ्यापायऱ्यांनी, स्थिर स्वर डगमगतो का, एवढेच टोनीत पाहायचे, आणि तेही दोनदा ऐकून झाल्यावर. सुरेलपणा तानपुऱ्यावरच तपासायचा. मुलीचा षड्ज जागेवर यायला दिवाळी उजाडली.

५ ऑक्टोबर

एका हुशार मुलाने रीपरमध्ये रीट्यून शोधून काढले आणि स्वतःचा आवाज आपोआप सुरात आणून मित्रांना पाठवला. मी रागावलो नाही. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे गाणे सर्वांना एकापाठोपाठ ऐकवले. त्याची पटदीपातली मींड दुरुस्तीनंतर शिडी उतरल्यासारखी झाली होती. मुलांनीच हसून निकाल दिला. तरीही वर्गाच्या लॅपटॉपवरून ते प्लगइन लपवून ठेवले आहे.

त्याच आठवड्यात कळांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या, कारण मेनू इंग्रजी आहेत आणि मुलांच्या शाळांची माध्यमे तीन. लाल म्हणजे मुद्रण, हिरवी म्हणजे ऐका किंवा थांबा, पिवळी म्हणजे सुरुवातीला जा. पुसण्याच्या कळेचे काम काढून टाकले. हे जूनमध्येच करायला हवे होते. मध्यंतरी दोन विद्यार्थ्यांचे काम मुलांच्या हातून पुसले गेले आणि ते लगेच लक्षात न आल्याने परत मिळाले नाही.

१५ ऑक्टोबर

कालपासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अद्यतन मिळणे बंद झाले. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर जुना असल्याने त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. वर्गाचा लॅपटॉप इंटरनेटपासून तोडला; मुद्रणाला त्याची गरज नाही. रीपर लिनक्सवरही चालते, ते सुट्टीत करून पाहीन.

२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीसाठी नऊ विद्यार्थ्यांना पेन ड्राइव्हवर त्यांची मुद्रणे दिली होती. आठ जणांच्या घरी काहीच वाजले नाही. मी केवळ प्रकल्पाची फाइल दिली होती. तिच्यात आवाज नसतो, आवाजाच्या फाइली कुठे आहेत एवढेच लिहिलेले असते. प्रकल्प जतन करताना आवाजाच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये उतरवण्याची खूण करावी लागते. विद्यार्थ्यांना मात्र आता साधी एमपी३ देतो. १२८ केबीपीएसला मिनिटाला सुमारे एक एमबी होते. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. फोनवर वाजवून व्हॉइस मेसेज केला तर तानपुरा अर्धा राहतो. नववा विद्यार्थी कसा वाचला, तर त्याने पेन ड्राइव्ह नेलाच नव्हता.

घरी पेट्या असलेल्या दोघांनी सांगितले की वर्गातला तानपुरा घरच्या पेटीशी भांडतो. ऑगस्टमध्ये टाळलेले २,५०० रुपये येथे समोर आले.

१६ नोव्हेंबर

नवा पाठ सुरू केला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी त्यातच राग उभा केला. विद्यार्थ्याने राग निवडायचा, ३ मिनिटे १५ सेकंदांवर मुद्रण थांबवायचे, मध्ये कापायचे नाही, आणि आठवड्याला तीनच प्रयत्न. पहिल्या आठवड्यात बहुतेकांची वेळ आलापातच संपली. तिसऱ्या आठवड्यात एका ५८ वर्षांच्या आजींनी दुर्गा रागातील बंदिश दोन आलाप व चार तानांसह ३ मिनिटे ९ सेकंदांत पूर्ण केली. त्यांची मातृभाषा कन्नड आहे. त्यांनी ती फाइल सुळेभावीला माहेरी पाठवली आणि तिथून उत्तर आले की कुमार गंधर्वांच्या गावात असली गाणी सांभाळून पाठवावीत. त्यावर त्या आठवडाभर हसत होत्या.

या पाठाला रीपरमधील एकही प्रगत सोय लागत नाही. लाल, हिरवी आणि पिवळी टिकली पुरते.

७ डिसेंबर

पेटी अखेर सुरात लावून आणली. आठ दिवस वर्ग तानपुऱ्यावरच चालला आणि गायनाच्या विद्यार्थ्यांचे त्यात काही बिघडले नाही.

हिशेब असा: लॅपटॉप १३,५००, इंटरफेस ६,२००, डायनॅमिक माईक २,९००, स्टँड ८५०, केबल ३५०, हेडफोन २,८००, दुहेरी पिन १५०, परवाना ५,३४०, तारा ३८०, पेटी २,५००, आणि वाया गेलेले म्हणजे कंडेन्सर माईक व फोम मिळून ४,२००. एकूण ३९,१७०. पुन्हा करायचे झाले तर माईक, इंटरफेस, एक हेडफोन आणि ऑडॅसिटी एवढ्यावर सुरुवात करीन. परवाना सहा महिन्यांनी. माझे स्वतःचे सुमारे १४० तास गेले, त्यातील निदान ६० माग पुसणे, लूप जोडणे आणि टोनी यांत.

गायिकाबाईंनी तानपुरा पुन्हा द्यायचे कबूल केले आहे, आणि अनगोळमधील एका स्नेह्यांकडे मर्दानी तानपुरा असल्याचे कळले आहे. काळी एक, काळी दोन आणि बायकांच्या तिन्ही पट्ट्या आता सुरात आणलेल्या पेटीला लावून पुन्हा मुद्रित करायच्या आहेत. येत्या मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी चार वीज बंद राहणार असल्याची सूचना कालच्या वर्तमानपत्रात आली आहे. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांची असल्याने मामांनी त्यांच्या मुलाचा लॅपटॉप मागून ठेवला आहे.